रिपोर्टातलं ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल कसं वाचायचं, आणि घटलं असेल तर हात कुठे घालायचा

लिपिड प्रोफाइलचा, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीचा, कागद आला की बहुतेकांची नजर आधी टोटल कोलेस्टेरॉलवर जाते. ते दोनशेच्या आत असलं की कागद कपाटात. एचडीएलच्या, म्हणजे ‘चांगल्या’ कोलेस्टेरॉलच्या, ओळीत खाली तोंड केलेला बाण छापलेला असतो, पण ‘चांगलं थोडं कमी आहे, अक्रोड सुरू करू’ एवढ्यावर त्याची बोळवण होते. खरं तर त्या ओळीत पोटाचा घेर, यकृत आणि जेवणाचं ताट या तिघांची खबर असते. एचडीएलचा आकडा वाढवण्याच्या खटपटीत पडण्याआधी तो कशामुळे घटला हे शोधायचं. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ‘एचडीएल बूस्टर’ डब्या या शोधात कामाच्या नाहीत.

दोन कागद शेजारी ठेवा

उदाहरणासाठी दोन रिपोर्ट घेऊ. सगळे आकडे डेसिलिटरमागे मिलिग्रॅममध्ये. एलडीएल म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी.

पहिला पंचेचाळिशीतल्या पुरुषाचा: टोटल १९२, ट्रायग्लिसराइड २४०, एचडीएल ३४, एलडीएल ११०.
दुसरा बावन्न वर्षांच्या बाईंचा: टोटल २२८, ट्रायग्लिसराइड ९०, एचडीएल ७२, एलडीएल १३८.

घरातला निकाल ठरलेला. पुरुषाचं टोटल दोनशेच्या आत, म्हणून ते सुटले. बाईंचं दोनशेच्या वर, पण ‘चांगलं’ बहात्तर, म्हणून त्याही सुटल्या. दोन्ही निकाल चुकीचे.

पेन घ्या आणि टोटलमधून एचडीएल वजा करा. पहिल्या कागदावर १५८ येतात, दुसऱ्यावर १५६. याला नॉन-एचडीएल म्हणतात: धमनीच्या भिंतीत शिरून साचू शकणारं सगळं कोलेस्टेरॉल. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४ च्या सूचनांप्रमाणे कमी धोक्याच्या माणसातही हा आकडा १३० च्या आणि एलडीएल १०० च्या खाली हवं. धोका जास्त असेल तर अनुक्रमे १०० आणि ७०, आणि हृदयविकार आधीच होऊन गेला असेल तर ८५ आणि ५५. म्हणजे आपले दोघेही रेषेच्या वर आहेत, आणि जवळजवळ सारखेच. बाईंचे ७२ त्यांच्या १३८ ला माफी देत नाहीत. शरीर असली वजाबाकी करत नाही. रिपोर्टाच्या तळाला छापलेलं टोटल भागिले एचडीएल हे गुणोत्तर (इथे ५.६ आणि ३.२) धोक्याचा अंदाज बांधायला ठीक आहे, उपचार त्यावर ठरत नाहीत.

पुरुषांत ४० च्या खाली आणि स्त्रियांत ५० च्या खाली एचडीएल कमी समजतात. पहिल्या कागदावर ते ३४ आहे आणि सोबत ट्रायग्लिसराइड २४०. ही जोडी आपल्याकडे घरोघरी सापडते. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह पाहणीच्या पहिल्या टप्प्यात (त्यात महाराष्ट्रही होता) सुमारे ७२ टक्के लोकांचं एचडीएल कमी निघालं होतं. त्याच पाहणीच्या २०२३ मधल्या आकड्यांत मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वांत जास्त गोव्यात होतं, २६.४ टक्के. या दोन गोष्टी एकाच झाडाच्या फांद्या आहेत.

आता एलडीएलच्या त्या ११० वर फार विश्वास ठेवू नका. बऱ्याच लॅब ते मोजत नाहीत, काढतात: टोटल वजा एचडीएल वजा ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग. १९२ वजा ३४ वजा ४८, झाले ११०. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हे सूत्र कोलमडतं. दीडशे-दोनशेच्या वरही चित्र फसवं होतं, कारण अशा रक्तात एलडीएलचे कण आकाराने छोटे आणि संख्येने जास्त असतात. म्हणून अशा वेळी नॉन-एचडीएल बघायचं, किंवा डॉक्टरांना विचारून एपो-बी ही, अशा कणांची संख्या सांगणारी, तपासणी करून घ्यायची.

एचडीएल करतं काय, आणि घटतं का

एचडीएल हा प्रथिन आणि चरबी यांचा छोटा, घट्ट कण. त्याचं मुख्य प्रथिन, एपो-ए-१, यकृत आणि आतडी तयार करतात. धमनीच्या भिंतीत कोलेस्टेरॉल खाऊन फुगलेल्या पेशी असतात. त्यांच्याकडून हा कण कोलेस्टेरॉल उचलतो आणि यकृताकडे पोचवतो. यकृत ते पित्तातून बाहेर टाकतं. शिवाय दाह कमी करणं, एलडीएलचं ऑक्सिडेशन रोखणं अशी बारीकसारीक कामंही त्याच्या नावावर आहेत.

यावरून वाटेल की एचडीएल वाढवलं की झालं. औषध कंपन्यांनाही तेच वाटलं होतं. टॉरसेट्रॅपिब या औषधाने एचडीएल ७० टक्क्यांहून जास्त वाढलं, आणि तरीही मृत्यू वाढले म्हणून डिसेंबर २००६ मध्ये चाचणी थांबवावी लागली. नायासिन या औषधानेही एचडीएल वाढतं. पण स्टॅटिन (एलडीएल उतरवणारं औषध) घेणाऱ्या पंचवीस हजारांहून जास्त रुग्णांवरच्या चाचणीत त्याने हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत, दुष्परिणाम मात्र वाढले. २०१२ मध्ये जनुकांचा अभ्यास आला: जन्मतःच एचडीएल थोडं जास्त ठेवणारं जनुक असलेल्यांनाही झटका कमी येतो असं दिसलं नाही.

कारण सोपं आहे. मांडवी नदीत एका क्षणी किती बार्ज उभ्या आहेत हे मोजून दिवसभरात किती खनिज उतरलं ते कळत नाही. रिपोर्टातला आकडा म्हणजे त्या क्षणी कणांत भरलेलं कोलेस्टेरॉल. फेऱ्या किती झाल्या हे त्यात येत नाही.

मग कमी एचडीएलवाल्यांना झटके जास्त का येतात? कारण ते ज्यामुळे घटतं तेच धमन्याही बिघडवतं. पोटात चरबी साठली आणि शरीर इन्शुलिनला दाद देईनासं झालं की यकृत ट्रायग्लिसराइडने भरलेले व्हीएलडीएल कण भराभर सोडतं. रक्तात त्यांची आणि एचडीएलची देवघेव होते: एचडीएलमधलं कोलेस्टेरॉल तिकडे, तिकडचं ट्रायग्लिसराइड इकडे. असं भरलेलं एचडीएल यकृतातल्या एन्झाइमने कुरतडलं जातं, लहान होतं आणि त्याचं प्रथिन मूत्रपिंडावाटे निघून जातं. कण लवकर मरतो, आकडा घटतो. एचडीएल कमी असणं हा धूर. चूल दुसरीकडे पेटलेली असते.

चूल कुठे आहे ते पाहायला पाच गोष्टी तपासा: कंबर पुरुषांत ९० सेंटिमीटर किंवा जास्त, स्त्रियांत ८० किंवा जास्त, ट्रायग्लिसराइड १५० किंवा जास्त, एचडीएल वर सांगितलेल्या मर्यादेखाली, रक्तदाब १३० / ८५ किंवा जास्त, उपाशीपोटी साखर १०० किंवा जास्त. यांपैकी तीन जुळल्या की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात, आणि मग एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) व यकृताची तपासणी करून घ्यायची.

कंबर मोजताना सगळे एकच चूक करतात: पँटचा नंबर सांगतात. पँट पोटाखाली नेसली जाते, तिचा भरवसा नाही. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप धरा, श्वास नेहमीसारखा सोडा आणि मग आकडा वाचा. पोट आत ओढून मोजलेली कंबर आरशाला दाखवायला ठीक.

रक्त देताना

एचडीएल आणि नॉन-एचडीएलला उपास लागत नाही, जेवून दिलेलं रक्तही चालतं. पण ट्रायग्लिसराइड आधी जास्त निघालं असेल तर १० ते १२ तास उपाशी राहून, फक्त पाणी पिऊन जा. आदल्या दोन दिवसांत दारू नको. एका रात्रीची बैठकही ट्रायग्लिसराइड वर नेते. लॅबमध्ये पोचल्यावर पाच-दहा मिनिटं शांत बसा, मग हात पुढे करा.

ताप, डेंग्यू, न्यूमोनिया, शस्त्रक्रिया यांनंतर काही आठवडे थांबा. अंगात दाह असताना एचडीएल आणि एलडीएल दोन्ही पडतात. पावसाळ्यात तापातून उठल्या उठल्या केलेल्या ‘फुल बॉडी’ पॅकेजमधला एचडीएल २८ बघून रात्रीची झोप घालवणारे कमी नाहीत. गरोदरपणातही हे आकडे बदलतात.

काहीही न बदलता तोच माणूस पुढच्या आठवड्यात गेला तरी एचडीएल सात-आठ टक्के इकडेतिकडे होतं. ३८ चं ४१ झालं म्हणून पेढे नकोत, ३५ झालं म्हणून धसका नको. लॅब शक्यतो एकच ठेवा.

ताट: आधी भात, मग नारळ

कमी एचडीएल आणि जास्त ट्रायग्लिसराइड असलेल्या गोंयकाराने पहिला हात मासळीला किंवा अंड्याला लावू नये, भाताला लावावा. पिष्ट आणि साखर जास्त झाली की यकृत त्याचंच ट्रायग्लिसराइड करतं.

एकदा, एकदाच, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर नेहमीचा भात वाढून बघा. शीत-कढीचं (भात-कढीचं) भरलेलं ताट सहज ३५० ग्रॅम भाताचं निघतं. १०० ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे २८ ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे एका बैठकीत ९८. तो १५० ग्रॅमवर आणा, ४२ राहतील. उकडा तांदूळ पांढऱ्यापेक्षा थोडा सावकाश पचतो, पण ‘उकडा आहे ना’ म्हणून दोन डाव जास्त घेतले की तो फायदा तिथेच संपला. सकाळची पेज हाही भातच, हे मोजताना विसरलं जातं.

रिकाम्या झालेल्या जागेत काहीतरी यायला हवं, नाहीतर चार वाजता पाव-भाजी, मिरची-भजी हाक मारतात. तांबडी भाजी, भेंडी, दुधी भरपूर. अळसांद्यांचं (चवळीचं) किंवा मुगाचं तोंडाक, म्हणजे रस्सा उसळ, एक वाटी. मासळीचा एक तुकडा जास्त. पोई (गोव्याचा कोंड्याचा पाव) घेत असाल तर फोडून आत बघा. वरून कोंडा भुरभुरलेला असतो, आत मैद्याचा पांढरा गर. आतूनही तपकिरी असेल तीच खरी. गोड सरबतं, बाटलीतले ज्यूस आणि चहातली साखर बंद केल्याने ट्रायग्लिसराइड जितक्या लवकर उतरतं तितकं दुसऱ्या कशाने क्वचितच.

आता नारळ. याबद्दल गोव्यात बोलणं म्हणजे घरात भांडण ओढवून घेणं, पण आकडे बघा. १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात सुमारे ३३ ग्रॅम चरबी, त्यातली ३० च्या आसपास संपृक्त. ज्याचं कोलेस्टेरॉल वाढलेलं आहे त्याला दिवसभरात साधारण १५ ग्रॅम संपृक्त चरबी पुरे. ‘खोबरेल तेलाने चांगलं कोलेस्टेरॉल वाढतं’ हे वाक्य खरं आहे आणि अर्धं आहे. २०२० मध्ये अनेक चाचण्या एकत्र करून काढलेल्या निष्कर्षात, इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत खोबरेल तेलाने एचडीएल सुमारे ४ ने वाढलं, आणि एलडीएल १० ने. हा सौदा तोट्याचा.

म्हणून हुमणात (माशांच्या कढीत) नारळ बंद करायचा नाही, मोजायचा. चार माणसांच्या कढीला अख्खा नारळ पडत असेल तर अर्ध्यावर या. दाटपणासाठी एक चमचा धणे आणि भिजवलेले चार दाणे तांदूळ जास्त वाटा, आंबटाला सोलं (आमसुलं) किंवा चिंच आहेच. नारळ एका जेवणात एकाच पदार्थात: हुमण असेल त्या दिवशी भाजीवर खोबरं नको आणि सोलकढी नारळाच्या रसाऐवजी नुसत्या पाण्यातली, लसूण-मिरची ठेचून. फोडणीचं रोजचं तेल शेंगदाणा, सूर्यफूल किंवा राइसब्रान, माणशी दिवसाला तीन-चार छोटे चमचे. कढईतलं तळणाचं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. वनस्पती तुपातली ट्रान्स चरबी एलडीएल वाढवते आणि एचडीएल घटवते, दोन्हीकडून मार. जानेवारी २०२२ पासून तेला-तुपात तिची मर्यादा २ टक्क्यांवर आली आहे, तरी बेकरीतली खारी रोजच्या चहाला नको.

बांगडे आणि तारले हे तेलकट मासे, ओमेगा-३ भरपूर. आठवड्यातून दोनदा तरी हवेत. त्यांनी एचडीएल फारसं हलत नाही, ट्रायग्लिसराइडला मदत होते. रव्यात घोळून कढईत बुडवला की मात्र माशापेक्षा तेल आणि रवाच जास्त पोटात जातो. तव्यावर दोन चमचे तेलात भाजा किंवा हुमणात घाला. कोळंबीत कोलेस्टेरॉल असतं म्हणून लोक ती उगाच टाळतात. तिच्यात संपृक्त चरबी नगण्य. खरा उपद्रव सोबतच्या नारळाच्या वाटणाचा असतो. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरबंदीच्या दिवसांत सुक्या मासळीवर भर येतो, तेव्हा रक्तदाबवाल्यांनी मीठ लक्षात ठेवून कुळीथ आणि अळसांद्यांकडे वळावं. चोरीस (डुकराच्या मांसाचं सॉसेज) महिन्यातून एकदा, चवीपुरतं.

काजूबद्दल एक चांगली बातमी. चेन्नईत टाइप २ मधुमेहाच्या ३०० रुग्णांवर झालेल्या १२ आठवड्यांच्या चाचणीत रोज ३० ग्रॅम बिनमिठाच्या काजूंनी एचडीएल किंचित, दोनहून कमी अंकांनी वाढलं आणि वरचा रक्तदाब थोडा उतरला. ३० ग्रॅम म्हणजे साधारण वीस काजू, आणि तेही चकली-शेवेच्या ऐवजी, त्यांच्याबरोबर नव्हे.

काजूवरून फेणी आठवणारच. रोज दोन पेग घेणाऱ्याचं एचडीएल चार-पाच अंकांनी वाढतं हे खरं. त्यासोबत ट्रायग्लिसराइड, रक्तदाब आणि यकृतातली चरबीही वाढते, म्हणून ‘डॉक्टर म्हणतात थोडी बरी’ हा आधार एचडीएलच्या नावाने घेऊ नका. एचडीएल ८५ आणि ट्रायग्लिसराइड ३०० असा विचित्र रिपोर्ट आला तर आधी बाटलीचा हिशोब मांडा.

चालणं, तंबाखू, जिम

स्नायूंच्या केशवाहिन्यांत एक एन्झाइम असतं, ते रक्तातलं ट्रायग्लिसराइड फोडून स्नायूला इंधन देतं. फोडताना उरलेल्या तुकड्यांतून एचडीएलला माल मिळतो. चालण्याने हे एन्झाइम जागं होतं. आठवड्याला निदान १२० मिनिटं हवीत, त्याखाली एचडीएलवर फरक दिसत नाही. १५० ते २०० धरा. एका दमात जास्त वेळ चालणं तुकड्या-तुकड्यांपेक्षा एचडीएलला बरं. वेग असा, की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. मिरामारच्या किनाऱ्यावर भुसभुशीत वाळूत हा वेग लवकर गाठला जातो, पण गुडघे कुरकुरत असतील तर ओल्या, घट्ट वाळूवरून चला. पावसाळ्यात बिल्डिंगचा जिना आहे. सरासरी फायदा अडीच-तीन अंकांचा, हे आधीच माहीत असलेलं बरं. ट्रायग्लिसराइड, साखर आणि कंबर यांच्यावरचा फायदा त्याहून मोठा असतो. आठवड्यातून दोनदा वजनं किंवा बैठकाही घाला.

सिगारेट सोडल्यावर काही आठवड्यांतच एचडीएल चारेक अंकांनी वर येतं. इतक्या स्वस्तात इतकं कोणी देत नाही.

जिममधल्या पोरांसाठी वेगळं सांगायला हवं. पंचविशीतला पिळदार तरुण, ट्रायग्लिसराइड ठीक, आणि एचडीएल १८? अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन चालू आहे का ते विचारा. ती एचडीएल अक्षरशः झोपवतात.

डॉक्टरांकडे कधी

ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर असेल तर आहाराचे प्रयोग करत बसू नका. स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. ट्रायग्लिसराइड ठीक असूनही एचडीएल २० च्या खाली असेल तर औषधं, दुर्मीळ आनुवंशिक दोष किंवा रक्तातल्या प्रथिनांचा आजार यांपैकी काहीतरी असू शकतं. दुसऱ्या टोकालाही खुश व्हायला नको: २०१७ मधल्या डेन्मार्कच्या मोठ्या अभ्यासात सर्वांत कमी मृत्यू पुरुषांत एचडीएल ७३ च्या आणि स्त्रियांत ९३ च्या आसपास होते, आणि पुरुषांत ११६ च्या वर ते दुप्पट झाले.

रिपोर्ट पुन्हा १२ आठवड्यांनी करा, आधी नको. वजन उतरत असताना एचडीएल तात्पुरतं घटतं आणि वजन स्थिरावल्यावर वर येतं. मध्येच तपासलं तर ‘एवढं करून उलटंच झालं’ असं वाटून लोक सगळं सोडून देतात.

त्या पंचेचाळिशीतल्या गृहस्थांचा तीन महिन्यांनंतरचा कागद असा येऊ शकतो: टोटल १७०, ट्रायग्लिसराइड १४५, एचडीएल ३८, एलडीएल १०३. एचडीएलपुढचा बाण अजून खालीच आहे, आणि लॅबचा माणूस तोच बोट ठेवून दाखवेल. पण नॉन-एचडीएल १५८ वरून १३२ वर आलं, ट्रायग्लिसराइड मर्यादेत आलं. मधुमेह नसेल आणि धोका कमी असेल तर हाच रस्ता पुढे चालू ठेवायचा. मधुमेह असेल तर लक्ष्य १००. तिथवर नुसत्या ताटाने पोचणं कठीण, तेव्हा दोन्ही कागद घेऊन जा आणि स्टॅटिनबद्दल विचारा.